ब्रेकखालचा डिटेक्टर

निघायला उशीर झाला होता आणि धम्मदीप अजून गाडीतच अडकला होता. ड्रायव्हरच्या सीटवर एक गुडघा टेकवून तो विंडशील्डवर काहीतरी दाबत होता. ते निसटत होतं आणि तो पुन्हा दाबत होता. एप्रिल लागला तरी ओहायोतल्या डब्लिनमध्ये सकाळी काच बर्फासारखी गार असायची. त्याने सक्शन कपवर तोंडाने वाफ सोडली, खिशातल्या रुमालाने काच पुसली आणि तळव्याने सगळा जोर लावला. या वेळी ते चिकटलं.

"हे आजच करायचं होतं का?" पायल ड्राइव्हवेत जेवणाच्या डब्यांची पिशवी घेऊन उभी होती.

"झालंच."

मुठीएवढं काळं यंत्र होतं ते. रडार डिटेक्टर. रस्त्यात पुढे कुठे पोलीस गाड्यांचा वेग मोजत असले, तर त्यांच्या रडारच्या लहरी आधीच पकडून बीप करणारं. आदल्या दिवशीच ते कुरिअरने आलं होतं.

"मला एक कळत नाही," पायल म्हणाली. "तू लिमिटच्या वर कधी जातच नाहीस. मागचे लोक हॉर्न मारतात आपल्याला. मग तुला हे कशाला?"

"असू दे," धम्मदीप म्हणाला. एवढंच.

मागच्या सीटवर रोशनी आधीच बसली होती. ती धम्मदीपची धाकटी बहीण. कोलंबसच्या युनिव्हर्सिटीत मेकॅनिकलमध्ये पीएचडी करत होती. व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्नला त्या संध्याकाळी बाबासाहेबांच्या जयंतीचा कार्यक्रम होता आणि विद्यार्थ्यांच्या वतीने भाषण तिचं होतं. तिघेही मूळचे वर्ध्याकडचे. अ‍ॅशबर्नच्या कार्यक्रमाला नागपूर, औरंगाबाद, मुंबई अशी कुठकुठली माणसं गोळा व्हायची, आणि वर्षातून एकदा तरी तिथे जायचंच असा त्यांचा नेम होता.

रोशनीने पुढे वाकून यंत्राकडे पाहिलं. "दादा, खूप खाली लावलंयस. वर घे ना, आरशाच्या जवळ. तिथून पुढचा रस्ता दिसतो त्याला, मागचापण. इथे तर वायपरच आडवा येतोय. आणि काच आधी स्पिरिटने पुसायची असते रे. तुझ्या रुमालाचं तेल बसलं असेल तिच्यावर."

"वर लावलं तर बाहेरून दिसतं."

"दिसलं तर दिसलं. ओहायोत लीगल आहे ते."

"दिसायला नको," धम्मदीप म्हणाला आणि वायर सॉकेटमध्ये खोचली. गुंडाळी असलेली ती वायर डॅशबोर्डवरून लोंबत गिअरच्या बाजूने खाली आली. "राहू दे आता. उशीर होतोय."

पायलने रोशनीकडे पाहिलं, रोशनीने खांदे उडवले, आणि ते निघाले.

ओहायो संपेपर्यंत यंत्र दहा-बारा वेळा तरी ओरडलं असेल. एकदाही पोलीस नव्हते. कुठे दुकानाचा आपोआप उघडणारा दरवाजा, कुठे शेजारच्या गाडीचा सेन्सर. दर बीपला धम्मदीप स्टिअरिंग घट्ट धरायचा, वेग आणखी कमी करायचा आणि आरशात बघायचा. रोशनी मागे भाषणाची वाक्यं पुटपुटत होती. पायल आधी चिडली, मग गप्प झाली, आणि नंतर यंत्राऐवजी नवऱ्याकडे बघू लागली. त्याच्या कानाच्या मागे घाम आला होता. बाहेर थंडी होती.

"धम्मा, तुला बरं वाटतंय ना?"

"हो."

"मी चालवू का थोडा वेळ?"

"नको म्हटलं ना!"

एवढ्या जोरात तो सहसा बोलत नसे. मागची पुटपुट थांबली.

वेस्ट व्हर्जिनिया ओलांडून ते मेरीलँडच्या डोंगरांत शिरले तेव्हा दुपार होत आली होती, पण उजेड संध्याकाळसारखा होता. पाऊस भुरभुरत होता. बिग सॅव्हेज डोंगराच्या माथ्यावर धुक्याच्या सूचनेचे पिवळे दिवे लुकलुकत होते. माथा ओलांडला आणि समोरचा रस्ता पांढऱ्यात बुडाला. इथून उतार सुरू होतो, लांबलचक आणि वळणावळणाचा. अवजड ट्रकांनी हळू जावं अशा पाट्या एकामागून एक येत होत्या.

आतून काच धूसर व्हायला लागली. धम्मदीपने डीफ्रॉस्टर पूर्ण सोडला. गरम हवेचा झोत काचेच्या खालच्या कडेवर आदळला, नेमका तिथेच, जिथे ते यंत्र चिकटवलेलं होतं.

आधी एक कप सुटला. प्लॉप असा बारीक आवाज झाला आणि यंत्र तिरकं लोंबलं.

"पडतंय ते," पायल म्हणाली आणि हात पुढे केला.

तेवढ्यात रस्ता उजवीकडे वळला. दुसरा कप सुटला, यंत्र डॅशबोर्डवर आपटलं, डावीकडे घसरत गेलं आणि स्टिअरिंगच्या खाली धम्मदीपच्या पायांशी पडलं. त्याच क्षणी ते ओरडायला लागलं. बीप, बीप, बीप, न थांबता.

धम्मदीपने खाली पाहिलं. वर पाहिलं तेव्हा धुक्यात दोन लाल दिवे उघडझाप करत होते. ट्रक. चढणीवर मुंगीसारखे चढणारे ट्रक उतारावरही तसेच उतरतात. हा तर जवळजवळ उभाच होता.

त्याने ब्रेक दाबला. पेडल अर्धं खाली गेलं आणि दगडावर टेकावं तसं थांबलं.

"ब्रेक लागत नाहीये."

"काय?"

"लागत नाहीये! खाली ते अडकलंय!"

गाडी मंदावली होती, पण पुरेशी नाही. उतार तिला पुढे ओढत होता. डावीकडच्या लेनमध्ये एक पिकअप त्यांना अगदी लागून चालली होती. उजवीकडे रस्त्याकडेची थांबायची पट्टी, शोल्डर, तिच्यापलीकडे कठडा, आणि कठड्याच्या पलीकडे नुसतंच पांढरं. धम्मदीप पूर्ण ताकदीने पेडल दाबत होता. खाली प्लास्टिक कुरकुरत होतं, तरी फुटत नव्हतं.

पायलने बेल्ट काढला नाही. बेल्ट ताणून ती जेवढी वाकता येईल तेवढी वाकली. तिच्या हाताला वायर लागली. तिने ओढली. वायर ताठ झाली, गुंडाळी सरळ झाली, पण दुसऱ्या टोकाला काही हललं नाही.

"तुझ्या पायाखाली दाबलं गेलंय. पाय उचल!"

"काय बोलतेस? समोर ट्रक आहे!"

"धम्मा, पाय उचल!"

त्याला ते ऐकू येत होतं आणि करता येत नव्हतं. लाल दिवे मोठे होत होते. ट्रकच्या मागच्या दारावरची चिखलाची नक्षीसुद्धा आता दिसत होती. ज्या पेडलवर सगळ्यांचा जीव अडकलाय तेच सोडायचं, हे त्याच्या पायाला पटत नव्हतं.

मागून रोशनी पुढे झुकली आणि तिने भावाच्या खांद्यावर हात ठेवला. ती ओरडली नाही. "दादा, एकदाच सोड. वहिनी ओढतेय. सोड आणि पुन्हा दाब."

धम्मदीपने पाय उचलला.

गाडीने पुढे झेप घेतली. पायलने दोन्ही हातांनी वायरला हिसका दिला. काहीतरी पेडलला आपटलं आणि यंत्र उसळून तिच्या गुडघ्यावर आदळलं. "दाब!" ती किंचाळली, पण त्याआधीच त्याने दाबला होता. पेडल थेट खाली गेलं. टायर ओल्या रस्त्यावर थरथरले. स्टिअरिंग उजवीकडे गेलं, ट्रकचं मागचं चाक समोरच्या काचेतून सरकून धम्मदीपच्या बाजूच्या काचेपाशी आलं, खडी तडतडली आणि गाडी कठड्याला न लागता शोल्डरवर थांबली.

ट्रक तसाच धुक्यात उतरत गेला. त्याच्या ड्रायव्हरला बहुधा काहीच कळलं नव्हतं.

वायपर चालू होते. यंत्र पायलच्या मांडीवर अजून ओरडत होतं. तिने प्लग उपटला. रोशनीने मागून हात लांबवून धोक्याचे दिवे लावले आणि ती हुंदके द्यायला लागली.

"लागलं का कुणाला?" पायलने विचारलं. तिच्या गुडघ्यातून कळ येत होती. "रोशनी? धम्मा?"

धम्मदीप समोर बघत होता. दोन्ही हात स्टिअरिंगवर. पाय अजून ब्रेकवर.

मग आरशात निळा-लाल उजेड पडला.

पायलला आधी बरंच वाटलं. मदत आली. पण मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. ट्रक समोर होता तेव्हाही तो असा दिसत नव्हता. ओठ हलत होते. तो अगदी हळू आवाजात म्हणत होता, "हात वर ठेवा. हात दिसतील असे ठेवा. रोशनी, बॅगेत हात घालू नकोस."

"धम्मा, तो विचारपूस करायला आलाय."

"हात वर ठेव, पायल."

उंच, टोपीवर प्लास्टिकचं आवरण चढवलेला पोलीस पायलच्या बाजूने आला. तिने काच खाली केली.

"सगळे ठीक आहात ना?"

"हो," पायल इंग्रजीत म्हणाली. तिचा आवाज तिला परका वाटला. "ब्रेकखाली एक वस्तू अडकली होती. आता निघाली."

त्याने तिच्या मांडीवरच्या यंत्राकडे पाहिलं, मग धम्मदीपकडे. "सर? तुम्ही ठीक आहात?"

धम्मदीप बोलला नाही. त्याची बोटं पांढरी पडली होती. पावसाचे थेंब पोलिसाच्या बाहीवरून गाडीत पडत होते. पायलला वाटलं, या शांततेचा हा माणूस आता काय अर्थ काढेल?

"माझे मिस्टर घाबरलेत," ती म्हणाली. "आम्ही ट्रकवर आपटणार होतो."

पोलिसाने आणखी क्षणभर पाहिलं. मग तो अर्धं पाऊल मागे सरकला. "इथे थांबणं धोक्याचं आहे. मी मागे दिवे लावून उभा राहतो. जमेल तेव्हा निघा. तुम्ही चालवाल का, मॅम?" जाता जाता त्याने यंत्राकडे बोट केलं. "कुठे चाललाय?"

"अ‍ॅशबर्न. व्हर्जिनिया."

"मग हे डिकीत टाका. व्हर्जिनियात यावर बंदी आहे."

धम्मदीपला सीटवरून उठवायला वेळ लागला. पायलने एकेक बोट स्टिअरिंगवरून सोडवलं.

डोंगर उतरल्यावर, धुकं मागे राहिल्यावर, एका रेस्ट एरियात पायलने गाडी थांबवली. रोशनी तोंड धुवायला आत गेली. पायलने इंजिन बंद केलं आणि विचारलं, "कधी झालं?"

त्याने ‘काय?’ असं विचारलं नाही.

"दोन वर्षं झाली. क्लायंटकडून परत येत होतो. एका छोट्या गावाच्या बाहेर. मागून दिवे लागले. चोरीची गाडी शोधत होते ते. माझी तशी दिसत होती म्हणे." तो थांबला. "बेड्या घातल्या आणि रस्त्याच्या कडेला गवतावर बसवलं. पाऊस पडून गेला होता. सांगेपर्यंत उठायचं नाही. येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या हळू व्हायच्या, लोक बघायचे. एका गाडीतल्या बाईने मुलाचं तोंड दुसरीकडे फिरवलं. खूप वेळाने कळलं, त्यांना हवी होती ती गाडी वेगळ्या रंगाची होती. बेड्या काढल्या. निघा म्हणाले."

पायलला तो दिवस आठवला. तो घरात शिरल्या शिरल्या आंघोळीला गेला होता आणि त्याने पँट स्वतः धुवायला टाकली होती. तिने चेष्टा केली होती, आज सूर्य कुठे उगवला म्हणून.

"बेड्यांचं एवढं नाही वाटलं," धम्मदीप म्हणाला. "आजोबांची आठवण झाली. बाबा सांगायचे ना, गावात चावडीपुढे आजोबा खाली मातीत बसायचे. बाकीचे ओट्यावर. नोकरी लागल्यावर बाबांनी घरात आधी काय आणलं असेल, तर खुर्च्या. जेवायलासुद्धा ते आम्हाला खाली बसू द्यायचे नाहीत. आणि मी इतकं शिकून, इतक्या लांब येऊन... तो वर उभा होता आणि मी खाली." त्याने तोंडावरून हात फिरवला. "बाबांना कसं सांगणार होतो मी?"

"मला सांगायचं होतंस."

"तू माझ्याकडे जसं बघतेस, तसं बघितलं नसतंस मग."

पायल उसळली. "मूर्खासारखं बोलू नकोस! दोन वर्षं तू एकटाच घाबरत गाडी चालवतोयस. मी तुला हसत होते. गोगलगाय म्हणत होते तुला सगळ्यांसमोर. मला काय वाटत असेल आता?" तिचे डोळे भरून आले आणि त्याचाही तिला राग आला. "आणि हे मशीन?"

"वाटलं, आधी कळलं तर... एकदम मागून दिवे लागणार नाहीत. एवढंच हवं होतं. वेगाने जायचं नव्हतं गं मला."

"माहितेय."

रोशनी येताना दिसली. धम्मदीप म्हणाला, "तिला मी सांगेन. पण आज नको. भाषण आहे तिचं."

व्हर्जिनिया जिथे सुरू होतं त्या पोटोमॅक नदीच्या पुलाआधी पायलने यंत्र एका टॉवेलमध्ये गुंडाळून डिकीत टाकलं. पुढचा सगळा रस्ता तिने चालवला. लीझबर्गजवळ एक पोलीस गाडी त्यांच्या शेजारून गेली तेव्हा धम्मदीपचा हात दाराच्या मुठीवर गेला. पायल बोलत राहिली, पार्किंग मिळेल का, डब्यातली भाजी आंबली नसेल ना, काहीही, ती गाडी दिसेनाशी होईपर्यंत.

कार्यक्रमाला ते उशिराच पोचले. रोशनीचा आवाज पहिल्या काही वाक्यांत कापत होता, मग स्थिर झाला. धम्मदीप शेवटच्या रांगेतल्या खुर्चीत ताठ बसून ऐकत होता. परत येताना, ओहायोत शिरल्यावर, त्याने बहिणीला सगळं सांगितलं. रोशनीने मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाली, "बाबांना सांगूया दादा. ते तुझ्यावर नाही चिडणार."

पुढच्या शनिवारी दुपारी पायल गॅरेजमध्ये गेली. यंत्र तिथे टॉवेलातच पडलं होतं. कोपऱ्याला तडा होता, पण प्लग लावल्यावर ते सुरू झालं.

"टाकून दे ते," धम्मदीप म्हणाला.

"नाही. तुला हवं होतं ना? मग नीट बसवू." ती त्याच्याकडे वळली. "पण सोमवारी तू, मी नंबर दिलाय त्या कौन्सेलरला फोन करायचास. मशीन रस्त्यावरचं सांगेल. आतलं नाही सांगणार."

"करतो."

"माझ्यासमोर करायचास."

तो बऱ्याच दिवसांनी हसला.

रोशनीने सक्शन कपचा नादच सोडून दिला होता. आरशाच्या दांड्याला पकडणारा धातूचा एक क्लँप तिने मागवला होता. तिघांनी मिळून तो बसवला. आधी यंत्र काचेच्या वरच्या निळ्या पट्टीमागे जात होतं. ती पट्टी लहरी अडवू शकते, म्हणून रोशनीने ते थोडं खाली घेतलं. फोन त्यावर आडवा ठेवून ते रस्त्याला समांतर आहे का ते बघितलं. धम्मदीपने सीटवर बसून सांगितलं, समोरचं काही झाकत नाहीये. मागच्या काचेतूनही यंत्राला रस्ता दिसत होता. स्क्रू आवळायचं काम पायलने घेतलं. वायर आता लोंबणार नव्हती. छताच्या कापडाच्या कडेत बोटाने दाबत दाबत त्यांनी ती दाराच्या खांबापर्यंत नेली. तिथे एअरबॅग असते, म्हणून वायर तिच्या पुढून न आणता मागच्या बाजूने खाली उतरवून फ्यूज बॉक्सपाशी जोडली. धम्मदीपने यंत्र धरून जोरात हलवलं. आरसा हलला, यंत्र हललं नाही.

"बाहेरून दिसतंय," तो म्हणाला.

"दिसू दे," पायल म्हणाली.

मग त्याने किल्ली मागितली. डोंगरावरच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये त्यांनी गाडी स्पीडब्रेकरवरून आदळत नेली, करकचून ब्रेक लावून पाहिले. यंत्र जागचं हललं नाही. मोठ्या रस्त्यावर एका दुकानापाशी ते बीपलं. धम्मदीपचे खांदे वर आले. "दरवाजा आहे तो दुकानाचा," रोशनी मागून म्हणाली. "आवाज बघ, वाढत नाहीये."

थोडं पुढे ते पुन्हा बीपलं. या वेळी आवाज वाढत गेला. वळणापलीकडे, झाडाखाली, पोलिसांची गाडी उभी होती.

धम्मदीपने स्टिअरिंग घट्ट धरलं. वेग लिमिटच्या आतच होता, तरी त्याने काट्याकडे पाहिलं. झाडाखालच्या गाडीतल्या माणसाने कॉफीचा कप तोंडाला लावलेला होता. ते त्याच्यासमोरून गेले. आरशात ती गाडी जागेवरच राहिली, लहान होत गेली. कुठलेही दिवे लागले नाहीत.

सिग्नल लाल होता. धम्मदीपने ब्रेक दाबला. थांबल्यावर त्याने एक हात स्टिअरिंगवरून काढला आणि मांडीवर पुसला.

"कुठे जायचं?" त्याने विचारलं.

"चालव अजून थोडी," पायल म्हणाली. "घाई नाहीये कुणाला."

सिग्नल सुटला आणि त्याने गाडी सरळ पुढे घेतली.